मेलेलं दूध

"डॉक्टरसाहेब, गाय गाभ काऊन टाकते?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. आख्ख्या शाळेसमोर, परक्या पुरुषापुढं 'गाभ' हा शब्द तानूच्या, म्हणजे माझ्या, तोंडून निघणार नाही, अशी माझ्या शेजारी बसणाऱ्या गोजरनं दोन मुठी बोरांची पैज लावली होती. मोताळ्याहून आलेले ढोरांचे डॉक्टर गुरांच्या बुळकांडी रोगाच्या लशीबद्दल सांगत होते. मी सातवीच्या तरटावरून उठले आणि विचारून मोकळी झाले. हेडमास्तर असे खाली पाहू लागले, की वाटावं यांचा जन्म कपाशीच्या बोंडातून झाला आहे.

डॉक्टर मात्र लाजले नाहीत. "कारणं पुष्कळ आहेत. पण एका गोठ्यात एकीमागून एक गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकू लागल्या, तर तो बहुतेक रोगच. आणि तो माणसालाही होतो. अशा गाईचं कच्चं दूध पिणाऱ्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री अंथरूण घामानं भिजतं, कंबर-गुडघे धरतात. दूध नीट उकळलं की रोग मरतो."

गोजरनं बोरं पुढं केली. ती घ्यायचं मला सुचलं नाही. आमच्या इंद्रभानदादाला न बघता हा माणूस त्याचाच ताप सांगत होता.

दादा म्हणजे धामणगाव बढ्याचा होणारा पहिलवान. बाबांनी तसं ठरवलं होतं, आणि बाबांनी ठरवलं की मातीलाही तसंच उगवावं लागतं. त्यासाठी चंद्री गाईच्या आचळाखालचा फेसाळ पेला सकाळ-संध्याकाळ थेट दादाच्या ओठाला. "उकळलं की दूध मेलं," असं बाबा पाहुण्यांना सांगत. "मेलेलं दूध पोरीबाळींनी प्यावं." म्हणून मी आणि माय मेलेलं दूध पीत होतो आणि ठणठणीत होतो. पहिलवान दिवाळीपासून बाजेवर होता.

चंद्रीनं दोन वर्षांत दोनदा गाभ टाकला, मागोमाग ढवळीनं आणि कपिलीनंही. घरातल्या शहाण्यांनी काय केलं? चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. दादा खंगला, तर त्याचा दुपारचा एक पेला वाढवला. ताप चढला की दूध, दूध प्याला की ताप. आमच्या घरात हे कोडं चार महिने कोणाला सुटलं नाही, आणि अख्खं गाव बाबांकडं सल्ला मागायला येतं.

शाळा सुटल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बुलढाण्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. "मी जनावरांचा डॉक्टर. त्याचं रक्त तिथं तपासून घ्या, लवकर. चार महिने म्हणजे फार झाले."

घरी पोचले तेव्हा धार काढून बाबा पेला घेऊन बाजेशी उभे होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

"ढोराच्या डॉक्टरले माह्या पोराचं काय कळते?" बाबा म्हणाले. "पोरगा का बैल आहे?"

"बैल असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टर आणला असता."

"माह्या, ह्या उत्तमरावाच्या, गाईले रोग आहे, हे तू शाळेत बोंबलून आली?"

"शाळेत नाव नाही घेतलं. डॉक्टरले एकट्याले सांगतलं."

"वच्छला, ह्या पोट्टीले आत घे."

माय चुलीपाशी होती. ती जागची हलली नाही.

"मंग एक करा बाबा," मी म्हणाले. "दूध इतकं अमृत आहे तर तुम्ही काऊन पीत नाही?"

"मले कफ होते," बाबा म्हणाले. हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

दादा हसला, आणि हसताना कंबर धरून कण्हला. बाबांनी पेला पुढं केला. दादानं हात वर केला, पण पेला त्याला सरळ धरवेना, फेस त्याच्या मनगटावरून ओघळला. आखाड्यात दोघांना एकदम उचलणारा हात तो. बाबांनी दुसरीकडं पाहिलं.

मी त्याच्या हातून पेला काढून घेतला आणि मायपुढं धरला. तिनं पातेलं चुलीवर ठेवलं. मी त्यात दूध ओतलं आणि ते वर येईपर्यंत ढवळत राहिले. मग मी डॉक्टरांची चिठ्ठी बाबांनी काढून ठेवलेल्या पगडीशेजारी ठेवली.

"माय, बाबा, ऐका. आजपासून ह्या घरात मेलेलंच दूध मिळीन, चुलीपाशी मी बसीन. अन् उद्या सकाळच्या मोटारीनं दादाले घेऊन मी बुलढाण्याले जाऊन राह्यली. आख्ख्या शाळेपुढं 'गाभ' म्हणून आली मी, आता मोटारीत बसाची मले काय लाज? तुम्हाले यायचं असीन तर या, बाबा. नाहीतर घरी बसून चंद्रीच्या दोऱ्याले गाठ मारा."