नववी अट

"तुम्हीच लिहा, धाकटे. तुमच्या अक्षराला वजन आहे," असं म्हणत भाऊजींनी रेल्वे कंपनीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि ते खुर्चीच्या कडेवर बसले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मेहुण्याच्या घरात ते असेच बसत, आता उठतो म्हटल्यासारखे.

मसुदेकाकांनी पत्र उघडलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं मसुदे लिहून त्यांना हे नाव पडलं होतं. धाकटे म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं. पत्रात काय असणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ते दोनदा वाचल्यासारखं केलं. चोराच्या मनात चांदणं.

नदीवरचा पूल सरकारचा. तो बांधला माणसांसाठी आणि गाड्यांसाठी, पण कंपनीने पुढे त्याच्या मधोमध रूळ टाकले. तेव्हा सरकारने अठरा अटी घालून तिचे हात बांधले होते. नववी अट अशी, की पुलावरच्या प्रत्येक आगगाडीपुढे लाल निशाण घेतलेला एक माणूस पायी चालेल. गेली बावीस वर्षं तो माणूस म्हणजे भाऊजी. मागे धडधडतं इंजिन आणि पुढे हे, लेकीला सासरी पोचवायला निघाल्यासारखे सावकाश. ओळखीच्यांना नात्याने हाक मारून बाजूला करत, परक्याला साहेब म्हणत.

कराराची मुदत संपली आणि नव्या अटी लिहायला निघाल्या. कचेरीत नव्या आलेल्या अधिकारीबाईंनी विचारलं, यात जुनंपुराणं काही असेल तर सांगा. काकांनी पुलावर तीन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला काय कळतंय असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी नवव्या अटीसमोर ऐटीत लिहिलं, "कालबाह्य. वगळावी." लिहिताना भाऊजी डोळ्यांसमोर आले नाहीत असं नाही. आले. कंपनी देईल त्यांना दुसरं काहीतरी, असं म्हणून काकांनी पान उलटलं. हेच त्यांना आता आतून कुरतडत होतं.

"कंपनी मला गोदामात बसवणार आहे, सावलीत," भाऊजी म्हणाले. "तेव्हा माझं काही लिहू नका. माणसांचं लिहा. त्या शिंपीणबाईला ऐकू येत नाही. बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझी घेतलेली माणसं मागे वळून बघत नाहीत. मी नसलो तर त्यांना सांगणार कोण?"

काकांनी नववी अट राहू द्यावी असा सरकारला अर्ज लिहिला. आयुष्यात इतका चांगला मसुदा त्यांच्या हातून उतरला नव्हता. भाऊजींनी खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी उचलून नेला.

सरकारी कागद फिरून फिरून कुठे येणार? चौथ्या दिवशी तो अर्ज अभिप्रायासाठी काकांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो दुपारपर्यंत पेपरवेटखाली दाबून ठेवला. मग बाईंनी तो मागवून घेतला आणि काकांना बोलावलं. त्यांच्यासमोर दोन कागद शेजारी शेजारी होते.

"अट काढा म्हणणारं अक्षर आणि ठेवा म्हणणारं अक्षर एकच आहे, काका. खरं कुठलं धरू?"

काकांनी अर्जावर बोट ठेवलं. "अर्ज खरा," ते म्हणाले. "शेरा मी पूल न बघता मारला."

असं लेखी द्याल का, बाईंनी विचारलं. करारावर सोमवारी सह्या व्हायच्या होत्या, तोवर मसुदा बदलता येत होता. पण कारण लागणार होतं, आणि ते कारण काकांच्या सेवापुस्तकात नोंदलं जाणार होतं. निवृत्तीला सहा महिने उरलेले. इतकी वर्षं त्या पुस्तकात शाईचा एक डाग नव्हता. काकांनी तिथेच उभ्याउभ्या लिहून दिलं, आणि नववी अट जशीच्या तशी परत आली.

पुढच्या आठवड्यात भाऊजी परसातली लिंबं पिशवी भरून घेऊन आले. लिंबं टोपलीत ओतली आणि खुर्चीत बसले ते पाठ टेकून, पाय लांब करून. कंपनीचा साहेब कसा गप्प झाला ते त्यांनी रंगवून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "तुमची बहीण असती तर गावभर सांगत फिरली असती, माझ्या भावाने निशाण राखलं म्हणून."

इथे काका गप्प राहिले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. काम झालं होतं, नावही झालं होतं. पण बहिणीचं नाव निघालं आणि त्यांना ती लिंबं बघवेनात.

"भाऊजी, ती अट काढायला मीच लिहिलं होतं."

भाऊजी हसले. "चुकून?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही. तुमची आठवण आली होती. तरी लिहिलं."

हळूहळू पुढे सरकत भाऊजी पुन्हा खुर्चीच्या कडेवर आले. रिकामी पिशवी त्यांनी चार घड्या करून खिशात घातली, चहा राहू दे म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर तीन रविवार ते आले नाहीत. चौथ्या रविवारी काका स्वतःच पुलावर गेले. बाजाराचा दिवस होता. पलीकडून लाल निशाण दिसलं, त्यामागे इंजिन. भाऊजी नेहमीच्या चालीने येत होते. "बाजूला व्हा, आजी." "बाजूला, मास्तर." शिंपीणबाईच्या खांद्याला त्यांनी बोट लावलं, ती हसून कठड्याला लागली.

काका मुद्दाम रुळांच्या कडेला उभे राहिले. भाऊजी समोर आले, थांबले. त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. निशाण जरासं आडवं धरलं.

"बाजूला व्हा, साहेब."

काका बाजूला झाले. कठड्याला पाठ लावून, हात अंगाशी घेऊन उभे राहिले. गाडी त्यांच्यासमोरून माणसाच्या चालीने गेली.