दोन रात्री, तिघांसाठी

गेली दोन वर्षं स्पृहा आई-बाबांबरोबर कुठेही यायला तयार नव्हती. इस्टरच्या सुट्टीत नाही, मंडळाच्या गणपतीला नाही, साधं फिरायलासुद्धा नाही. त्यामुळे जुलैच्या पहिल्या रविवारी जेवताना ती स्वतःहून म्हणाली, की माझ्या वाढदिवसाला आपण तिघं वीकेंडला कुठेतरी जाऊ या, तेव्हा मालिनी पोळी वाढता वाढता थांबली.

"कुठे जायचं म्हणतेस?" श्रीरंगने विचारलं.

स्पृहाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिने सांगितलं ते असं : ओडेनवाल्डच्या डोंगरात, आपल्या झिंडेलफिंगेनपासून दोन तासांवर, एका खोऱ्यात काही कुटुंबं राहतात. वीज वापरत नाहीत, गाड्या ठेवत नाहीत. घोडे, गाई, शेती. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी एक खोली आहे.

"म्हणजे अमेरिकेतल्या आमिश लोकांसारखे?"

"गेनाऊ, अगदी तसेच. ते आमिशही मुळात इकडूनच तिकडे गेले, बाबा."

श्रीरंग हसला. गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये तो बारा वर्षं इंजिनियर होता आणि घोडागाडीत बसायची कल्पना त्याला मनापासून आवडली. एकोणीस जुलैला, शनिवारी, स्पृहाला अठरावं संपून एकोणिसावं लागणार होतं. जर्मन कायद्याप्रमाणे ती सज्ञान होणार होती. आबिटुअरची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा चांगली झाली होती. डार्मश्टाटच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनियरिंगचा अर्ज श्रीरंगने तिच्या शेजारी बसून भरून घेतला होता. आता मुलगी घर सोडणार, त्याआधी दोन दिवस तिघं एकत्र. मालिनीला तर देवच पावल्यासारखं झालं.

बुकिंग पत्रानेच करायचं होतं. "ते मी बघते," स्पृहा म्हणाली, आणि तिने बघितलंही. आठवड्याभरात तिने नियम सांगितले. गाडी गावातल्या चर्चपाशी ठेवायची, पुढे त्यांची घोडागाडी न्यायला येईल. फोन गाडीतच ठेवायचे. फोटो नाहीत. बायकांनी लांब स्कर्ट घालायचा.

"दोन दिवस फोन नाही म्हणजे पुण्याला घरच्यांना आधी कळवून ठेवायला हवं," मालिनी म्हणाली आणि फ्रिजवर यादी लावली. तिखटामिठाच्या पुऱ्या, मेतकूट, श्रीरंगच्या ॲलर्जीच्या गोळ्या, औक्षणासाठी छोटं निरांजन. रोज यादीत काहीतरी वाढत होतं. ऑफिसमध्ये तिची जर्मन सहकारी म्हणाली, तू किती खूश दिसतेस.

यादीतली मधाची बाटली आणायला मालिनी दुकानात गेली होती, तेव्हा तिथे लेनी भेटली. लेनी म्हणजे स्पृहाची पाचवीपासूनची मैत्रीण. तिच्या पाठीवर स्पृहाची गिटार होती.

"तिने मला देऊन टाकली," लेनी म्हणाली. "कायमची. तुम्हाला माहीत नव्हतं?" मग ती जरा घुटमळली. "तुम्ही कशा राहणार तिच्याशिवाय? मला तर विचार करवत नाही."

"डार्मश्टाट काही लांब नाही," मालिनी म्हणाली. लेनी तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

घरी येऊन मालिनी थेट स्पृहाच्या खोलीत गेली. स्पृहा बाहेर होती. कपाटात तीन कपडे टांगलेले. भिंतीवरचे फोटो काढलेले, डिंकाचे ठिपके राहिलेले. टेबलाच्या खणात काही नव्हतं, एक पेनसुद्धा नाही. पलंगावर चादर इतकी ताठ घातली होती, की मालिनीला तिच्यावर बसवेना. संगणकाशेजारी एक कागद होता, बस-ट्रेनचा मासिक पास बंद केल्याची पावती.

जीव द्यायच्या विचारात असलेली मुलं आधी आपल्या वस्तू वाटून टाकतात, असं मालिनीने शाळेच्या पालकसभेत ऐकलं होतं. त्या दिवशी तो विषय तिला लांबचा वाटला होता. तिने स्पृहाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"कुठे आहेस?"

"येतेय, आई. काय झालं?" आवाज शांत होता. गेल्या दोन वर्षांत मालिनीने तो इतका शांत ऐकला नव्हता आणि त्यानेच तिला आणखी धडकी भरली.

त्या दिवसापासून मालिनी मुलीला नजरेआड होऊ देईना. घरूनच काम करू लागली. श्रीरंगला सांगितलं, तर तो म्हणाला, "खोली आवरली म्हणून घाबरतेस? इतकी वर्षं आवर म्हणून ओरडत होतीस."

बुधवारी पत्र आलं. पाकिटावर शाईने, सरळ अक्षरात कुटुंबाचं नाव होतं, म्हणून मालिनीने ते उघडलं. दोरोथेआ नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. शुक्रवारी चार वाजता चर्चपाशी गाडी येईल. पाहुण्यांची खोली आईवडिलांसाठी दोन रात्री तयार आहे. स्पृहासाठी मुलींच्या घरात पलंग मांडला आहे.

तिला वेगळं का ठेवतात, असा विचार करत मालिनीने पाकिटातला दुसरा कागद उलगडला. तो छापील फॉर्म होता. जर्मनीत घर बदललं की नव्या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी नोंदणी, करायला घरमालकाने सही करून द्यायचा तो दाखला. या देशात आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने आणि श्रीरंगने असाच कागद हातात धरून रांग लावली होती. या कागदावर स्पृहाचं पूर्ण नाव होतं, जन्मतारीख होती आणि खाली राहायला येण्याची तारीख : एकोणीस जुलै. घर सोडण्याच्या तारखेची जागा कोरी होती.

स्पृहा घरात शिरली तेव्हा फॉर्म टेबलावर होता. तिने तो पाहिला, चपला काढल्या, आणि आईसमोर बसली.

"कधीपासून?" मालिनीने विचारलं.

"दोन वर्षं. शनिवारी खोऱ्याजवळच्या गावातल्या बाजारात त्या लोकांचा स्टॉल असतो. मी दिवसभर लायब्ररीत आहे सांगायचे, तेव्हा ट्रेनने तिथे जायचे. आधी नुसतं बघायला. मग मदतीला, मग खोऱ्यातही."

"आम्ही काय कमी केलं तुला?"

"काहीच नाही."

"मग?"

स्पृहाने फॉर्म आपल्याकडे ओढला. "तिथे मला कोणी विचारत नाही, की पुढे काय. सकाळी गाई असतात, मग बाग असते, मग जेवण असतं. माझं डोकं थांबतं, आई. इथे ते कधीच थांबत नाही."

"डोक्यासाठी डॉक्टर असतात. आपण जाऊ. उद्याच जाऊ."

"मी आजारी नाही."

"मग हे वीकेंडचं नाटक कशाला? पळून का नाही गेलीस सरळ?"

तेव्हा स्पृहा मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत. "ते म्हणाले, चोरून यायचं नाही. आईवडिलांना घेऊन ये. आणि मला पण वाटलं... तुम्ही दोघांनी मला सोडायला यावं."

संध्याकाळी श्रीरंगला कळलं, तेव्हा तो आधी हसला, मग त्याने फॉर्म फाडला, मग पोलिसांना फोन केला. फोनवरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या मुलीवर कोणी जबरदस्ती करतंय का? ती शनिवारी सज्ञान होते ना? मग तिला ठरवू द्या. श्रीरंगने फोन ठेवला, स्पृहाच्या खोलीत गेला आणि तिचा पासपोर्ट घेऊन बाहेर आला.

"हा माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "बघू कुठे आनमेल्डुंग करतेस."

"ठीक आहे, बाबा," स्पृहा म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मालिनीने पुऱ्या तळल्या. श्रीरंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू खरंच जाणार आहेस?"

"नाही नेलं तर ती उद्या एकटी जाईल. मग ती कुठे झोपते, कोणाबरोबर जेवते, हे मला कधी कळणार नाही. मला ती जागा बघायची आहे."

दुपारी मालिनी गाडी काढत होती, तेव्हा तो खाली आला आणि मागच्या सीटवर बसला.

चर्चपाशी घोडागाडी आधीच उभी होती. लगाम धरलेल्या दाढीवाल्या माणसाने टोपी काढून नमस्कार केला आणि हाक मारली, "सोफी." आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. स्पृहा पुढे झाली आणि सवयीने चढावं तशी त्याच्या शेजारी चढून बसली. मालिनीने श्रीरंगकडे पाहिलं. त्याने फोन बंद करून गाडीत ठेवला.

खोऱ्यात वाईट असं काही दिसलं नाही. हीच गोष्ट मालिनीला नंतर कोणाला समजावून सांगता आली नाही. घरं स्वच्छ होती. लोक हळू बोलत. मुलींच्या घरात नऊ पलंग होते, सगळ्यांवर तशाच ताठ चादरी. "या मुलींचे आईवडील कुठे असतात?" मालिनीने विचारलं. दोरोथेआबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हीच की."

शनिवारी सकाळी पाहुण्यांच्या खोलीत मालिनीने औक्षण केलं. स्पृहा राखाडी पोशाखात आली होती. पहाटेपासून गोठ्यात होती, हातांना दुधाचा वास येत होता. तिने डोकं वाकवून कुंकू लावून घेतलं, आईच्या पाया पडली आणि बाहेर जाताना दारातच ते पुसलं. मालिनीने ते पाहिलं.

श्रीरंग दिवसभर दिसला नाही. विहिरीवरचा जुना हातपंप नीट पाणी ओढत नव्हता, तो बघायला पुरुष त्याला घेऊन गेले होते. संध्याकाळी तो परतला तेव्हा शर्ट चिखलाने भरला होता आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. लांब टेबलापाशी सगळे जेवायला बसले. त्याच्या एका बाजूला दाढीवाला माणूस होता, दुसऱ्या बाजूला दोरोथेआबाई. जेवण झाल्यावर श्रीरंगने खिशातून स्पृहाचा पासपोर्ट काढला आणि दोरोथेआबाईंसमोर ठेवला. तो त्याने बरोबर आणला होता, हे मालिनीला माहीत नव्हतं. बाईंनी तो एप्रनच्या खिशात घातला, ताटं उचलावीत तितक्या शांतपणे.

"तू हे काय केलंस?" खोलीत आल्यावर मालिनीने विचारलं.

"तिचा आहे तो," श्रीरंग म्हणाला, आणि पाच मिनिटांत झोपला. कित्येक महिन्यांत तो इतक्या लवकर झोपला नव्हता.

रविवारी निरोपाला स्पृहा आली नाही. मुली प्रार्थनेला बसल्या आहेत, असं सांगण्यात आलं. पुन्हा कधी भेटता येईल, असं मालिनीने विचारलं, तर दोरोथेआबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तिने बोलावलं की," त्या म्हणाल्या.

परतताना मालिनीच गाडी चालवत होती. हायवेला लागेपर्यंत तिने अश्रू आवरून धरले आणि मग आवरले नाहीत. श्रीरंग शेजारी बसला होता. त्याचा फोन अजून बंदच होता.

"वकील गाठू," ती म्हणाली. "सोमवारीच. आणि त्या लेनीशी बोलू, तिला काय काय माहीत आहे ते. श्रीरंग, ऐकतोयस ना?"

"त्या पंपाचा व्हॉल्व्ह चामड्याचा आहे," तो म्हणाला. "शंभर वर्षांपूर्वीचा. मी हाताने बसवला, आणि पाणी आलं. मालिनी, मी शेवटचं काहीतरी हाताने कधी केलं होतं, मला आठवत नाही."

तिने डोळे पुसले आणि लेन बदलली.

"ऑगस्टमध्ये त्यांना गोठ्याचं छप्पर बदलायचं आहे. माणसं हवीत. मी येतो म्हटलं."

"एकटा?"

"आपण दोघं जाऊ शकतो. त्यांची खोली मोठी आहे."

तो खिडकीबाहेर बघत होता. काचेत मालिनीला त्याचा चेहरा दिसला. त्यावर कसलाही ताण नव्हता. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडीचा वेग वाढवला.