कास्कावेलचा फेर

ओवी एकटीला गाता येते, पाळणा एकटीला हलवता येतो. जाखडीचा फेर मात्र एकटीला धरता येत नाही. त्याला डावीकडे कुणी लागतं, उजवीकडे कुणी लागतं, मध्ये ढोलकी लागते. आणि सपना मॉरिशसहून आली होती ती एकटीच.

सपना शिकत होती त्या अंधेरीच्या विद्यापीठात दर फेब्रुवारीत देशोदेशीचा दिवस साजरा होतो. नेपाळची मुलं अकरा, टांझानियाची नऊ, अफगाणिस्तानची सात. मॉरिशसच्या रकान्यात एकच नाव होतं: सपना धोंडिराम, एम. ए., पहिलं वर्ष.

कार्यक्रमाची जबाबदारी अक्षता मॅडमकडे. बाई मनाने चांगली, पण डोक्यात कायम सतरा कामं.

"तू काय करणार गं?"

"झाकरी," सपना म्हणाली. "आपण तिला जाखडी म्हणता. कृपया मला सात मिनिटे द्यावीत."

तिचं मराठी असंच होतं, तिकडच्या शाळेत पुस्तकातून शिकलेलं आणि इस्त्री केलेलं. कॅन्टीनमध्ये ती 'कृपया एक वडापाव द्यावा' म्हणायची तेव्हा मागची पोरं टेबलावर डोकं टेकवून हसायची, आणि लगेच सरकून तिला जागाही करून द्यायची.

"अगं, जाखडी तर आपल्या कोकणातली! आपलंच आपल्याला काय दाखवायचं? मॉरिशसचं काहीतरी कर ना. तिथला तो सेगा नाच कर. झगा मी मागवते."

"सेगा फार सुंदर आहे, मॅडम. तो माझ्या शेजाऱ्यांचा आहे. त्यांच्या लग्नात मी आनंदाने नाचते. पण माझ्या घरात झाकरी आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "बरं. पण एकटी फेर कसा धरशील? शुक्रवारपर्यंत माणसं आण, मग बघू. नाहीतर झेंडा घेऊन उभी राहा. तेही छान दिसतं."

झेंडा घेऊन उभं राहायला सपना समुद्र ओलांडून आली नव्हती. कास्कावेल नावाच्या तिच्या गावात, उसाच्या मळ्यांशेजारी, तिच्या आजोबांनी तिला सहाव्या वर्षी फेरात उभं केलं होतं. निघताना ते म्हणाले होते, "जिथून हे आलं तिथे एकदा नाचून ये. आणि कुठून आलीस ते सांग." मुंबईत उतरल्यावर पहिल्याच रविवारी ती वर्सोव्याला गेली होती. समुद्र या बाजूने कसा दिसतो ते तिला बघायचं होतं.

मॅडमच्या खोलीतून निघून ती तळमजल्यावर आली आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर पायरीवर बसली. मन जड झालं की ती झाकरीच्या सुरुवातीचा गण म्हणायची. आताही हलक्या आवाजात म्हणू लागली:

पैला वंदूं गजवदनाला,
दुसरा वंदूं मायबापाला

आत पाणी सुरू होतं, काचेची भांडी किणकिणत होती. त्यातूनच खड्या आवाजात झील आली, "जी जी, मायबापाला!" गाणाऱ्याची ओळ मागच्यांनी झेलून परत म्हणायची, ती झील.

सपना दचकली. मग पुढची ओळ तिने जरा मोठ्याने म्हटली:

तिसरा वंदूं त्या गलबताला,
ज्यानं आणिलं या बेटाला

या ओळीला झील आली नाही. नळ बंद झाला. खाकी शर्टातला एक माणूस ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला.

"तिसरं नमन धरणीमातेला असतंय," तो म्हणाला. "ही गलबताची ओळ कुठली गो?"

"आमच्याकडची," सपना म्हणाली. "मॉरिशसची."

हा गुणाजी, प्रयोगशाळेतला अटेंडंट. सव्वीस वर्षं या इमारतीत होता. गुहागरकडचा, बाप गिरणीत, आणि घर मालाडला. गणपतीत गावी गेला की ढोलकी त्याच्याच मांडीवर. पण इथे हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. जाखडीला बाल्या नाचही म्हणतात, त्यावरून तरुणपणी पोरांनी एकदा 'ए बाल्या, नाच की' म्हणून हसून घेतलं होतं, तेव्हापासून त्याने इथे जाखडीचं नाव काढलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"सपना धोंडिराम."

"धोंडिराम बापाचं नाव?"

"आडनाव. खापरपणजोबांचे नाव. ते उसाच्या मळ्यावर मजुरीसाठी जहाजात चढले तेव्हा वहीत तेवढेच लिहिले. पुढे तेच आडनाव झाले."

गुणाजी हात शर्टाला पुसत म्हणाला, "किती माणसं लागतात तुला?"

"पाच. आणि एक ढोलकी."

"ढोलकी ही काय, समोर उभी हाय."

माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. पुस्तकांची बांधणी करणारे नाना, लिफ्टवरचा शिवदास, दोन वायरमन आणि बागेतला माळी. पाचही जण कोकणातले, आणि दर वर्षी देशोदेशीच्या दिवसाला खुर्च्या मांडणारे. दुपारच्या सुट्टीत डबे उरकून सगळे प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत जमले. झेंड्यांची जबाबदारी असलेला सम्यक, सपनाच्या वर्गातला घाटकोपरचा पोरगा, झेंडे तिथेच ठेवून कट्ट्यावर चढून बसला.

"बाईमाणूस फेरात?" शिवदासने कान खाजवला. "आमच्यात नाय बा."

"आमच्यात आहे," सपना म्हणाली. "उसाच्या मळ्यात बायकाच जास्त होत्या. मग काय, फेर बंद ठेवायचा?"

"शिवदासकाका, बसा आता गप," सम्यक कट्ट्यावरून म्हणाला.

ढोलकी सुरू झाली. माणसं उडी घेऊन फिरली, आणि सपनाचा पाय वेगळाच पडला. टाच दोनदा आपटायची, गुडघ्यात किंचित बसायचं, मग पुढे.

"चुकलं, चुकलं! उडी मार गो, उडी!" शिवदास ओरडला.

"आमच्याकडे असेच आहे."

"असं कुठं असतंय? आमच्या मंडळाला तीन ट्रॉफ्या हायत!"

सपनाने पुन्हा करून दाखवलं. पुन्हा तोच पाय. शिवदासने कपाळावर हात मारला. गुणाजीलाही वाटलं की पोरीला नीट शिकवावं, चार दिवस आहेत. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नाना पुढे आले. निवृत्तीला चार महिने उरलेले नाना खाली वाकून तिच्या पायाकडे बघत होते.

"परत टाक बघू."

तिने टाकला.

"अजून एकदा."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "आयशीचा घो! अरे, हा बसता पाय! माझा बापूस असाच नाचायचा. गिरणीची पाळी सुटली की चाळीच्या बोळात. मंग स्पर्धा आल्या, उड्या आल्या, ट्रॉफ्या आल्या. बसता पाय आमी कुणी शिकलोच नाय. बापसासंगत गेला म्हणून सोडून दिला होता." ते शिवदासकडे वळले. "चूक तिची नाय, शिवा. आपली. ही पोरगी सांभाळून घेऊन आलीय."

मग शिवदास, तीन ट्रॉफ्यांचा धनी, सपनाशेजारी येऊन उभा राहिला. "हळू दाखव हां. गुडघा जुना हाय माझा."

एक गाठ राहिली. जाखडीच्या शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याने आपलं नाव आणि आपला गाव सांगायचा असतो. नाव धोंडिरामचं होतं. गाव?

"जहाजाच्या वहीत फक्त 'रत्नागिरी' लिहिले आहे," सपना म्हणाली. "गाव कुणालाच माहीत नाही. आजोबा त्या जागी नुसते 'दर्यापार' म्हणतात."

"माझा घे, लांजा!" शिवदास म्हणाला.

"लांज्याला काय ठेवलंय? संगमेश्वर घे," नाना म्हणाले.

गुहागर, देवरूख, चिपळूण. पाच-सहा गावं पोरीच्या पदरात पडली. ती हसली. "सांगते," म्हणाली.

शुक्रवारी अक्षता मॅडमनी माणसं बघितली आणि गडबडल्या. "गुणाजी? अरे, कर्मचारी स्टेजवर कसे? नियम आहे ना."

सम्यकने फोनवर नियम काढूनच ठेवला होता. "मॅडम, वाचतो. 'विद्यापीठाचं ओळखपत्र असलेल्यांनाच मंचावर प्रवेश.' काका, दाखवा रे!"

सहा हात खिशांत गेले आणि सहा ओळखपत्रं बाहेर आली. नानांच्या ओळखपत्रावरचा फोटो इतका जुना होता की त्यात केस काळे होते.

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण सपना, मला खरंच सांग. माणसं आपली, ढोलकी आपली. यात मॉरिशसचं काय राहिलं?"

"गलबत राहिले, मॅडम," सपना म्हणाली.

मॅडमनी पेन उचललं आणि मॉरिशसच्या पुढे लिहिलं: झाकरी, सात मिनिटे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी निवेदकाने पुकारलं, "आता मॉरिशस!" आणि पडद्यामागून लिफ्टवरचा शिवदास आला. पांढरं धोतर, कमरेला लाल शेला, एका पायात चाळ. मागे दोन वायरमन, माळी, ताठ मानेचे नाना. गळ्यात ढोलकी अडकवलेला गुणाजी. सर्वांत शेवटी हिरव्या नऊवारीत सपना. मागच्या रांगेतून शिट्टी आली, "ए, आपला लिफ्टवाला!" आणि हसणं उसळलं. गुणाजीचा हात ढोलकीवर क्षणभर आखडला. सपनाने त्याच्याकडे बघितलं, आणि थाप पडली.

गण झाला. गलबताचं नमन झालं. सहा जोडी टाचा एकदम दोनदा आपटल्या, बारा गुडघे एकदम बसले, आणि हसणं कुठल्या कुठे विरलं. टांझानियाची पोरं ताल धरून टाळ्या देऊ लागली. विंगेत अक्षता मॅडमची टाचही नकळत दोनदा पडली. पहिल्या रांगेसमोर सम्यक फोन उंच धरून बसला होता. फोनच्या पडद्यावर, उन्हं अजून न उतरलेल्या एका अंगणात, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा होता, सपनाचे आजोबा.

मग शेवटचं कडवं आलं. माणसांनी कान टवकारले. लांजा की संगमेश्वर? सपनाने श्वास घेतला आणि मान वर केली:

धोंडिरामाची लेक मी गाते,
उसाच्या मळ्यात पाय रोविते,
नाव सांगते, गाव सांगते,
कास्कावेल हा गाव माझा!

झील तर लगेच द्यावी लागते, विचार करायला वेळ नसतो. नानांनी तोंड उघडलं आणि लांज्याने, देवरूखने, संगमेश्वरने एका आवाजात हाक दिली:

"जी जी, कास्कावेल हा गाव माझा!"

सभागृह उभं राहिलं. पण त्या टाळ्यांखाली गुणाजीच्या कानाला आणखी एक झील ऐकू आली. बारीक, थरथरती, एक ठोका उशिरा. सम्यकच्या फोनमधून म्हातारा गात होता. त्याचा आवाज समुद्रावरून यायचा म्हणजे तेवढा वेळ लागणारच.

सपनाने ओळ पुन्हा घेतली. या वेळी गुणाजीने ढोलकीवरचा हात एक ठोका उचलून धरला, म्हाताऱ्याला गाठू दिलं, आणि मग थाप दिली.