परक्या हाताचं काज

दुपारी घर निपचित पडलेलं असताना आतल्या खोलीत कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. लेकीला थोपटता थोपटता तिचा हात थांबला. घरात कात्रीला हात लावणारी ती एकटीच. सासूबाईंनी शिवणकाम सोडून बरीच वर्षं झाली होती.

लेकीचा डोळा लागल्यावर ती उठली. नमुन्याचा शर्ट टेबलावर होता, घडी घातलेला. जरा जास्तच नीट. तिने तो उलगडला. कॉलरजवळचं काज बदललं होतं. तिचे टाके दाटीवाटीने पडायचे. हे कसे, मुंग्यांच्या रांगेसारखे.

हा शर्ट कपडे बेतायला शिकवणाऱ्या शाळेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत द्यायचा होता. मिळाली तर शिकायचं, नाहीतर जन्मभर लोकांच्या बाह्या आखूड करत बसायचं. सूचना स्वच्छ होती: शर्ट अर्जदाराने एकट्याने शिवावा; मुलाखतीत समोर बसवून एक काज करून घेतलं जाईल, शर्टावरच्या काजाशी हात जुळला नाही तर अर्ज बाद. ही सूचना तिने जेवताना मोठ्याने वाचली होती. सासूबाईंनी ताटावरून मान वर न करता ऐकली होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. तिने आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"वाकडं होतं. आपल्या घरातून असं काज बाहेर जाणार?"

"पण आई, सूचना ऐकली होतीत ना?"

"ऐकली की. लिहिणाऱ्याने कधी सुई हातात धरली असेल तर शपथ."

एवढं बोलून त्यांनी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. मागे एकदा शेजारणीला त्या म्हणाल्या होत्या, ही शिकायला गेली की पोरगी माझ्याच गळ्यात. असं म्हणून हसल्याही होत्या. तेव्हा तीही हसली होती. आता ते हसणं खुपायला लागलं.

अर्ज आणि शर्ट संध्याकाळच्या आत पोचवायचे होते. ती खिडकीशी बसली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून काज उसवू लागली, कापड विरू न देता. टाका इतका सुरेख होता की मध्येच हात अडखळला. वाईट मनाने कुणी असं काम करतं? की ज्याचा हातच चांगला, त्याला वाईट करायचं झालं तरी चांगलंच करावं लागतं?

तिने दोरा ओवला आणि आपलं काज घातलं. दाटीवाटीचं, किंचित कलतं.

लेक कधी उठून शेजारी आली, कळलंच नाही. तिने जमिनीवरचे उसवलेले धागे पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथला भांड्यांचा आवाज थांबला होता. लेकीने तिच्या कानाला तोंड लावलं.

"आई, आजी आपल्या टीममध्ये आहे का?"