एकाच माणसाची खोली

भाड्याने द्यायच्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीवरचा स्टीलचा दांडा दिसला आणि राखेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. कमोडशेजारी, उठताना बरोबर हाताला येईल अशा बेताने बसवलेला. तरुण भाडेकरूला असला दांडा लागत नाही. तो लागतो गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला, आणि राखेसाहेबांच्या माहितीत असा म्हातारा एकच होता.

राखेसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. विमा कंपनीत ते सर्व्हेअर होते. कुठे दुकान जळालं, गोदाम जळालं की हे तिथे जाऊन उकिडवे बसायचे, राख उकरायचे, आणि आग लागली की लावली ते सांगायचे. मालक ढसाढसा रडत असेल तर यांचा संशय दुप्पट व्हायचा. पुढे निवृत्त झाले, गुडघे गेले, पण खोड काही गेली नाही. घरात साखरेचा डबा जागचा हलला तरी त्यामागे कुणाचा काय हेतू असावा, यावर ते चहा थंड होईपर्यंत विचार करत.

खोली सुनेची. घरापासून दोन गल्ल्या सोडून. मावशीने जाताना तिच्या नावावर केली होती. झोपणं, बसणं, स्वयंपाक, सगळं त्या एकाच खोलीत. सून म्हणाली, जरा सजवते. चिरंजीव म्हणाले, हो हो, मग भाड्याने देऊ. पण भाड्याने द्यायच्या खोलीवर एवढा जीव कोण लावतं? सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि तिथून सुटली की तडक खोलीवर. म्हणे स्कॅन्डिनेव्हियन पद्धतीने करायची आहे. म्हणजे भिंती पांढऱ्या, लाकूड फिकं, सामान मोजकं, दिवे मंद पिवळे आणि खुर्चीवर टाकायला एक लोकरी शाल.

"तिकडे हिवाळ्यात दिवसच उजाडत नाही, बाबा," सून म्हणाली होती. "म्हणून ते लोक घरातच ऊब तयार करतात."

"आणि मग भाडेकरूला देऊन टाकतात का?" राखेसाहेबांनी विचारलं. सून नुसती हसली. त्या हसण्याची त्यांनी मनात नोंद केली.

त्यानंतर 'पाय मोकळे करून येतो' म्हणत ते अधूनमधून खोलीवर टपकू लागले. हळूहळू पुरावा जमत गेला. पलंग एकाच माणसाचा. खुर्ची हातांची. दाराचा उंबरठा काढून फरशी सपाट केलेली. कोपऱ्यात वाचायचा दिवा. घरी हे हॉलमध्ये आले की नवराबायकोचं बोलणं तिथेच थांबायचं. आणि एकदा तर चिरंजीवांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं बापाची साधी विचारपूस केली नव्हती, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, तुम्हाला शांतता आवडते ना?" कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसाही होता. फळ्या इतक्या उंच की राखेसाहेबांचा हात पोचला नसता. या दोन गोष्टी त्यांच्या निष्कर्षात बसत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या सरळ बाजूला ठेवल्या. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी फैलावर घेतलं असतं.

गुन्हेगारही त्यांनी ठरवून टाकला होता. मुलगा बिचारा भोळा. कळ फिरवणारी सून. तिच्याशी ते तुटक बोलू लागले. चहा पातळ झालाय म्हणाले. एकदा ताट तसंच सरकवून उठले. तिने ते ताट झाकून ठेवलं, तेव्हा हीसुद्धा एक चालच असावी असं त्यांना वाटलं.

खरं सांगायचं तर ते घाबरले होते. बायको गेल्यापासून संध्याकाळचं तिघांचं जेवण तेवढं त्यांना उरलं होतं. त्यात गप्पा फारशा नसायच्या, पण समोर माणसं असायची. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत एकट्याने घास गिळायचा, हा विचार आला की ते ताटातला शेवटचा घास उगाच लांबवत बसायचे.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. खोलीचं दार उघडंच होतं. सून आरशाची काच पुसत होती. राखेसाहेब तडक त्या खुर्चीत जाऊन बसले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाले.

"मी इथे राहायला येणार नाही. काय करायचं ते करा."

सुनेने फडकं खाली ठेवलं. "तुम्ही कशाला याल?" ती म्हणाली. "इथे मी येतेय राहायला. एकटी."

राखेसाहेबांनी बाथरूमकडे बोट दाखवलं. "मग तो दांडा?"

"तो तुमच्या मुलाने बसवून घेतला. उंबरठाही त्यानेच काढवला." सून पलंगाच्या कडेवर बसली. "त्याला वाटतंय, खोली तुमच्यासाठी आहे."

"असं त्याला कोण म्हणालं?"

"मीच. मावशीची खोली मिळाली तेव्हा गमतीत म्हटलं, बाबांना द्यायची का? मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, चांगली कल्पना आहे. तुम्हाला विचारू या, एवढंसुद्धा म्हणाला नाही. लगेच फोनवर दांडे बघायला लागला. म्हणाला, सगळं तयार झालं की सांगू, तोवर भाड्याचं म्हणू."

राखेसाहेब शालीच्या गोंड्यांशी चाळा करत राहिले.

"आमचं कधीचंच बिनसलंय, बाबा. तुम्हाला कळलं नाही, कारण आम्ही भांडत नाही. तो हसत हसत सगळं बाजूला सारतो. माझं बोलणं, माझं दुखणं. त्या दिवशी तुम्हाला सारलं तेव्हा ठरवलं, आता बास. ही खोली माझ्यासाठी करायची. त्याचा समज तेवढा मोडला नाही, ते माझं चुकलंच. आज सांगणार आहे. येईलच तो, पडदे घेऊन."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही पुरावा मागितला असता."

हे खरं होतं. राखेसाहेबांना स्वतःची भयंकर लाज वाटली. डाव होता, तो त्यांनी ओळखलाही होता, पण ज्याला पाठीशी घातलं तो गुन्हेगार निघाला, आणि जिला घालूनपाडून बोलले ती एकटीच त्यांच्या बाजूने चिडली होती.

"चहाचं जे बोललो..." ते पुटपुटले.

"चहा खरंच पातळ होता," सून म्हणाली. "माझं लक्ष कुठे होतं?"

तेवढ्यात जिन्यावर शीळ ऐकू आली आणि चिरंजीव पडद्यांची पिशवी घेऊन आत आले. बापाला खुर्चीत बघून क्षणभर गडबडले, मग त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, बाबा, बसूनसुद्धा बघितलंत? आम्ही तयार झाल्यावर दाखवणार होतो. कशी आहे खुर्ची? इथे तुम्हाला निवांत वाचता येईल, कुणाची कटकट नाही. घर दोन पावलांवर आहेच, मी येत जाईन रविवारी."

राखेसाहेब मुलाचा चेहरा निरखत होते. लबाड चेहरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. आपण काही वावगं करतोय हे मुलाच्या गावीच नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना.

"बाबा इथे राहणार नाहीत," सून शांतपणे म्हणाली. "मी राहणार आहे. तुझ्याबरोबर आता मला राहायचं नाही."

चिरंजीव आधी हसले. मग तिच्याकडे बघत राहिले. मग, लहानपणी खेळणं मोडलं की वळायचे तसे बापाकडे वळले.

"बाबा, तुम्ही तरी समजवा हिला. घरचे मोठे आहात तुम्ही."

"कुठल्या घरचा?" राखेसाहेबांनी विचारलं.

राखेसाहेब गुडघ्यांवर जोर देऊन उठले. त्यांनी मुलाच्या हातातली पिशवी घेतली, पडदा बाहेर काढून त्याचं एक टोक सुनेच्या हातात दिलं, आणि दुसरं टोक धरून ते खिडकीशी उभे राहिले.