दहा किलोमीटरवर

"अजून दोन बोटं," पक्केकाका मोटरसायकलला म्हणाले आणि पट्टा आवळायच्या रॅचेटचा दांडा ओढला. पट्टा ताणला, पुढचा शॉक कुरकुरत खाली बसला.

"ती ऐकते का तुमचं?" ट्रेलरशेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"माणसांपेक्षा बरी ऐकते. अर्धीच दाबायची असते बघा. जास्त दाबली तर शॉकचं सील जातं, कमी दाबली तर पहिल्याच खड्ड्यात पट्टा ढिला."

बाई सत्तरीच्या, निवृत्त नर्स. मोटरसायकल त्यांच्या मुलाची. मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता त्याची गाडी आठशे किलोमीटरवर त्याच्या लेकीकडे निघाली होती. गाडीचं पुढचं चाक खोबणीत घट्ट बसलं होतं, स्टँड वर होतं, मागचे दोन पट्टे बांधून झाले होते.

"टाकीवर तो पोचा दिसतोय ना, तो त्यानं स्वतः पाडलाय," बाई म्हणाल्या. "फाटकाला धडकून. तो राहू दे. दुसरा नको."

"दुसरा नाही पडणार."

"दहा किलोमीटरवर थांबून पट्टे परत बघतात, असं तुमच्या ऑफिसात सांगितलं. तुम्हीच बघता ना?"

"मीच बघतो," काका म्हणाले, आणि ते साफ खोटं होतं.

सव्वीस वर्षं ते खरं होतं. नुकताच बांधलेला पट्टा थोडा सैल होतो, गाडी थोडी बसते, म्हणून पहिल्या दहा किलोमीटरनंतर सगळे पट्टे पुन्हा आवळावे लागतात. काका ड्रायव्हरशेजारी बसून पेट्रोल पंपापर्यंत जायचे, चारही पट्टे तपासायचे, "पक्कं!" असं ओरडायचे आणि बसनं परत यायचे. म्हणून तर सगळं गोदाम त्यांना पक्केकाका म्हणायचं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. मानेतली नस दबलीय, डॉक्टर म्हणाला, आणि सुधारेल की नाही ते काही सांगेना. बायको रोज सकाळी शर्टाची बटणं लावून द्यायची. "लग्नात अंतरपाटाआड उभे होतात तेव्हाही एवढे लाजला नव्हतात," असं चिडवायचीसुद्धा. गोदामात मात्र काकांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. छप्पन्न वर्षांच्या माणसाला गाड्या बांधण्याखेरीज दुसरं काहीही येत नव्हतं. हात गेला म्हणजे सगळंच गेलं. पंपावर ड्रायव्हर शेजारी उभा राहून हाताकडे बघेल, या धास्तीनं त्यांनी पोटाचं निमित्त काढलं. "तूच हात फिरव रे पट्ट्यांवरून," ते म्हणायचे. ड्रायव्हर "हो काका" म्हणायचा आणि पंपावर डिझेल भरून, चहा-नाश्ता करून पुढे जायचा, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

बोटांना कळेनासं झाल्यावर ते कानावर भिस्त ठेवू लागले. रॅचेट नीट बसलं की 'खट' असा आवाज येतो. आज तीन पट्ट्यांचे तीन आवाज झाले. चौथा, पुढचा डावा पट्टा ओढून दांडा मिटताना मागं एक ट्रक भोंगा वाजवत आत शिरला. काकांना काही ऐकू आलं नाही. दांडा पुन्हा दाबायला त्यांनी हात पुढे केला, तर अंगठा नुसताच घसरला. बाई बघत होत्या. काकांनी हात खिशात घातला.

"पक्कं," ते म्हणाले.

"दहा किलोमीटरवर बघाल ना?" बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

काकांनी होकारार्थी मान हलवली. बाई रिकामी पिशवी घडी घालत बसथांब्याकडे निघून गेल्या, ट्रेलर फाटकाबाहेर पडला, आणि काका चहाचा पेला डाव्या हातात धरून पायरीवर बसले. बसलं असेल, ते मनाशी म्हणाले. तीन महिन्यांत अठरा गाड्या गेल्या, एकीला ओरखडा नाही. मग त्यांना तो पोचा आठवला, आणि बाईंचं बघणं. बांधत असताना त्या बाईंनी एकदाही पट्ट्याकडे बघितलं नव्हतं. जन्मभर रोग्यांचे हात बघितलेली बाई, ती त्यांच्या हाताकडे बघत होती. म्हणूनच दोनदा विचारलं.

काकांनी ड्रायव्हरला फोन लावला. त्यानं उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे काकांनीच त्याला शिकवलं होतं. बस तासाभरानं होती.

"तुझी सायकल दे," ते वॉचमनला म्हणाले.

"सायकल? या वयात? पडाल काका!"

"दे म्हणतो ना!"

उजवा ब्रेक त्यांना दाबताच येत नव्हता. उतारावर ते चपला घासत गेले, चौकात एका गाडीवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चढावर छातीचा भाता झाला. पोराला आज चहा जरा सावकाश पिऊ दे, एवढंच ते म्हणत होते. बाईंना दुसरा मुलगा नव्हता, त्याची दुसरी गाडी नव्हती. पंप दिसला तेव्हा ट्रेलर हलला होता. काकांनी सायकल सरळ त्याच्यापुढे आडवी टाकली.

ड्रायव्हर खाली उडी मारून आला. "काका! मरायचंय का?"

काका थेट ट्रेलरवर चढले. मोटरसायकल उजवीकडे झुकली होती. डाव्या पट्ट्याचं रॅचेट उघडं पडलं होतं आणि आकडा कडीत नुसता लटकत होता. हायवेवरच्या पहिल्या दणक्याला तो निसटला असता. काकांनी दांडा ओढला, हात घसरला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले, तरी उजवा मधेच सुटला आणि बोटं लोखंडावर आपटली. रक्त आलं. दुखलं मात्र नाही, आणि तेच त्यांना सहन होईना. ते मटकन खाली बसले.

"काका, हाताला काय झालंय?"

"गेलाय. तीन महिने झाले."

ड्रायव्हरनं उघड्या रॅचेटवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पंपावर मी एकदाही बघितलं नाही. तुम्ही बांधलंय म्हटल्यावर काय बघायचं, असं वाटायचं."

"तेच चुकलं. तुझं नाही, माझं." काका उठले. "ये वर. तू ओढ, मी सांगतो. आधी गाडी सरळ कर. आता थोडा डावा, थोडा उजवा. एकदम नाही रे, सासुरवाडीला आल्यासारखा हळू. अजून दोन बोटं. बस. मीट आता."

खट, असा आवाज झाला. ड्रायव्हरनं चारही पट्टे तपासले, उरलेली टोकं गुंडाळून बांधली आणि काकांकडे बघितलं. काकांनी त्यालाच मानेनं खुणावलं.

"पक्कं," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "काका, मी मालकाला सांगणार नाही. आईशप्पथ."

"तू नकोच सांगू," काका म्हणाले. "ते माझं काम आहे."

ट्रेलर हायवेला लागला. मोटरसायकल जराही डोलत नव्हती. ती दिसेनाशी होईपर्यंत काका उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की सायकल मारताना शर्टाची वरची तीन बटणं सुटली आहेत. त्यांनी डाव्या हातानं लावून बघितली. जमेना.

सायकल हातात धरून ते चालत निघाले. गोदामाचं फाटक आलं तेव्हा आत वळले नाहीत, पुढे घरी गेले.

बायको दारातच होती. धुळीनं माखलेले पाय, रक्ताळलेली बोटं, उघडी छाती, सगळं तिनं एका नजरेत बघितलं.

"बटणं लाव," काका म्हणाले. "मालकाकडे जायचंय."

तिनं आज चिडवलं नाही. बोटं पुसली, आणि एकेक करून बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत.