धनजचा मेल आला नाही

मी एका ऑफिसातला मेल सर्व्हर आहे. भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची वाशीमला एक कंपनी आहे, तिच्या ऑफिसात एका टेबलाखाली माझा मुक्काम असतो. तेव्हा आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. दबका असायला आणखीही एक कारण आहे, ते ओघात येईलच.

जन्माने मी साधा जुना कॉम्प्युटर. दुरुस्तीचं काम करणाऱ्या धीरजने मला उघडलं, पुसलं, आत नवी डिस्क बसवली आणि कंपनीचं टपाल माझ्या हाती सोपवलं. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येतो, मग ज्याचा त्याला मिळतो. अडगळीतून उठून एकदम पोस्टमास्तर झालो होतो मी.

माझी मालकीण म्हणायची तर सुचिता. कंपनीचा सगळा कारभार तीच पाहते. ती मूळची धनज गावची. तिच्या शब्दावर धनजच्या बायका कंपनीत आल्या, आणि त्यांना गोळा करणारी होती तिची सख्खी काकू, पंचफुला. सुचिताच्या शिक्षणासाठी घरादाराशी भांडली ती हीच काकू. सुचिता आल्यागेल्याला हे सांगायची, म्हणून मला ठाऊक.

कंपनीत भाजी फोनवर सांगायची पद्धत नाही. पूर्वी लोक सांगायचे एक, तोडायचे दुसरंच, आणि वर ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून हात झटकायचे. मग सुचिताने नियम केला, दुपारपर्यंत मेल करा, उद्या गाडी दारात येईल. मेल नाही तर गाडी नाही. धनजच्या बायकांकडे मेलचा पत्ता कुठला असायला? त्या गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर जायच्या. सेंटरवाल्याच्या एकाच पत्त्यावरून अख्ख्या गावाची वांगी, मेथी, टोमॅटो माझ्यापर्यंत पोचायचे. त्यांचा मेल कधी चुकला नाही. मला ते गाव आवडायचं.

पण चांगल्या टपालाबरोबर कचराही फार यायचा. लॉटरी लागली, परदेशातल्या कोण्या विधवेने इस्टेट ठेवली, गुडघ्याला हे तेल चोळा. सुचिता कंटाळली आणि तिने धीरजला बोलावलं. त्याने मला एक गाळणी बसवली. ऑफिसातली माणसं ज्या मेलवर ‘स्पॅम’चं बटण दाबतील, तसले मेल मी हळूहळू ओळखायला शिकायचं आणि पुढे आपणच आवरायचे.

“ताई, संशयातले मेल बाजूले ठेवू का डिलीट करू?” धीरजने विचारलं.

“बाजूले ठेवलेलं पाह्यते कोन? सरळ काढून टाक.”

त्याने तशी खूण केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी जरा फुगलोच होतो, कारण त्या दिवसापासून ऑफिसात सगळे माझी तारीफ करू लागले.

गाड्यांचं काम पवन पाहतो. माणूस चांगला, कामाचा उरकही दांडगा. धनजचा मेल वाचायचा, गाडीवाल्याला फोन लावायचा आणि काम झालं की मेल समोरून घालवायचा. घालवायला त्याने हाताशी आलेलं बटण धरलं, आणि ते नेमकं स्पॅमचं होतं. समोरून गेला म्हणजे झालं, बटणावर काय लिहिलंय ते कोण वाचत बसतो? बाकीचे शेतकरी आपापल्या पत्त्यावरून अधूनमधून लिहायचे, त्यांच्या वाट्याला ती खूण क्वचित यायची. धनज रोज लिहायचं, तेही एकाच पत्त्यावरून, म्हणून त्याच्या नावावर रोज ठपका. मी शिकत गेलो. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, तसं झालं. सगळ्यात नेमाने लिहिणारं गाव मी कचऱ्यात धरलं.

मग एके दिवशी धनजचा मेल आला, आणि मी तो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. सुचिताचे हात कामात होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

“सुचे, गाडी काहून नाही आली व? वांगे तोडून ठेवले ना आमी.”

“काकू, तुमचा मेलच नाही आला.”

“केला ना बाई. मी सोता उभी होती सेंटरवर.”

सुचिताने पुन्हा पाहिलं. मेल नव्हता. पुढेही तेच होत राहिलं. पवन म्हणायचा, “ताई, धनजचं काहीच नाही.” तिकडे तोडलेली वांगी सावलीत सुकत होती, आणि इकडे दुसऱ्या गावचे लोक कुजबुजत होते की सुचिता घरच्यांना सवलत देईल. अखेर एका फोनवर तिचा तोल गेला.

“घरचं गाव म्हनून मी नियम मोडू का? नाही केला मेल तर नाही म्हन. खोटं कायले बोलून राह्यली?”

पलीकडून काकू म्हणाल्या, “बरं बाई,” आणि फोन ठेवला. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं.

सुचितालाही ते लागलं असावं. त्या रविवारी ती धनजला गेली. हे मला कळलं, कारण त्याच पत्त्यावरून तिने ऑफिसला एक मेल धाडला. “सेंटरवरून लिहून राह्यली. काकू बाजूले बसली आहे. हा मेल पोचला तर काकू खोटी, नाही पोचला तर मी.”

मी तो शब्द न् शब्द वाचला. आणि नियमाप्रमाणे काढून टाकला.

सोमवारी ती धीरजला माझ्यासमोर बसवून सांगत होती. “तिथंच मोबाइलवर पाह्यलं मी. मेल नाही. मले रडू आलं, तं काकूनंच पदरानं डोये पुसले.”

“काकू रागावल्या का, ताई?”

“नाही ना. म्हने, तुह्या मशीनले मी ठाऊक नाही सुचे. तुले तं ठाऊक होती.”

धीरजने माझ्या नोंदी उघडल्या, तर धनजच्या मेलवर रोज पवनने दाबलेली स्पॅमची खूण निघाली. पवन त्या दिवशी जेवला नाही.

आता मी काहीच परस्पर काढून टाकत नाही. संशयातलं सगळं बाजूला ठेवतो आणि सुचिता रोज ते स्वतः पाहते, लॉटरीसुद्धा. तुम्हीही कुठलं बटण दाबण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचत जा. आमच्यासारखी यंत्रं तुमच्याकडूनच शिकतात, आणि जे शिकतात ते न विचारता करतात.

धनजची भाजी आता कारंजाच्या बाजारात जाते. सुचिता फोन करते, काकू उचलतात, “बरं आहे,” म्हणतात आणि ठेवतात.

धनजच्या पत्त्यावरून आलेलं काहीही अडवायचं नाही, हा धीरजने लिहिलेला माझा पहिला नियम आहे. तो पाळायची वेळ अजून एकदाही आलेली नाही. पंचफुलाकाकू, वांग्यांचं नका लिहू हवं तर. कोरा मेल धाडा. मी तो सुचिताच्या हाती देईन.